पडून राहिली म्हणजे काय

मेधाताई, परवा तुझी तेरवी झाली. प्रताप नगरच्या तुझ्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोक जिन्यात बसले होते, आणि सगळे तुझ्याविषयी इतकं छान बोलत होते की तू असतीस तर उठून आत चहा टाकायला निघून गेली असतीस. कुणी म्हणालं, जिद्दी होत्या. कुणी म्हणालं, प्रेरणास्थान होत्या. हा शब्द आला तेव्हा मी अनिलभाऊजींकडे बघितलं आणि भाऊजींनी माझ्याकडे, कारण प्रेरणास्थान म्हणणाऱ्याला तू काय म्हणायचीस ते आम्हा दोघांना माहीत आहे, आणि ते तेरवीच्या जेवणावर सांगण्यासारखं नाही. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी उठले नाही. म्हटलं, ताईशी माझं भांडण चालू आहे, ते मिटल्यावर बोलीन. लोकांना वाटलं पोरीला रडू आवरत नाहीये. तेही खरं होतं.

म्हणून हे लिहितेय. आणि तुझ्या पुण्याच्या मराठीत लिहितेय, लक्षात आलं ना? गेले, आले, बसले. बोलताना मी अजून गेली, आली, बसलीच म्हणते आणि म्हणत राहणार. पण कागदावर तुझं चालू दे, आज तेवढं तुझ्यासाठी.

तू गेलीस त्या सकाळी भाऊजींचा फोन आला. "शीतल, ये वं लवकर. मेधा उठूनच नाही राहिली." आता हे पुण्याच्या माणसाला कसं ऐकू येईल मला ठाऊक नाही, पण आमच्या बोलीत 'उठून नाही राहिली' म्हणजे आत्ता, या घडीला उठत नाहीये. थोड्या वेळाने उठेल, एवढा वाव त्यात असतो. आमच्या वाडीहून, नागपूरच्या त्या टोकाहून, प्रताप नगरला पोचेपर्यंत मी तो वाव घट्ट धरून होते. तुझ्या दारातल्या चपला बघितल्या आणि सोडला. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. झाला असता तरी तू सांगितलं नसतंस.

तुला हॉलमध्ये खाली निजवलं होतं. कुणीतरी अंगावर शाल घातली होती आणि तुझा उजवा हात, कोपराखाली जिथे संपतो तो, नीट शालीच्या आत झाकला होता. झाकणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार. पण लहानपणी आजोळी उसाच्या चरकात गेलेला तो हात तू कधी पदराखाली घेतला नाहीस. तुझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तो पुढे आहे. मी खाली बसले, म्हणजे माझ्या पायाने जसं बसता येतं तसं बसले, आणि शाल वर सरकवली. एक बाई म्हणाल्या, "राहू दे ना वं." भाऊजी भिंतीशी उभे होते. ते म्हणाले, "नाही, ते बरोबर करून राहिली." मग कुणी शाल ओढली नाही. घाटावर जाईपर्यंत तुझा हात बाहेरच होता.

आपली पहिली भेट झाली ती पाय बसवतात त्या सेंटरमध्ये. अमरावती रोडवर माझी स्कूटी घसरून ट्रकच्या मागच्या चाकाखाली माझा डावा पाय गेला, गुडघ्याखाली. त्याला काही महिने झाले होते. मी दोन दांड्यांच्या मध्ये चालायला शिकत होते आणि जो दिसेल त्याच्यावर चिडत होते. तू तिथली फिजिओ. एका हाताची बाई मला पाय शिकवणार, याचा तर मला वेगळाच राग होता. फरशी नुकतीच पुसलेली होती. माझी काठी सटकली आणि मी दांड्यांच्या बाहेर, ओल्या फरशीवरून सरळ भिंतीपर्यंत गेले. सगळे धावले. तू जागची हलली नाहीस. म्हणालीस, "पुन्हा कर बरं."

मला वाटलं, बाई येडी आहे.

"घसरताना सगळे ताठ होतात," तू म्हणालीस. "तू गुडघा सैल सोडलास. घसरायला आवडतं का तुला?" हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्या दिवसांत जो यायचा तो एकच विचारायचा, चालता येईल ना. त्या दिवशी घरी जाताना रिक्षात मी हसले, आणि आईने ते बघितलं. अपघातानंतर पहिल्यांदा हसली, असं ती अजून सगळ्यांना सांगते.

मग तू मला तुझी फळी दाखवलीस. स्नोबोर्ड म्हणायचीस तू, आणि मी फळी म्हटलं तर तुला ते आवडलं आणि पुढे आपल्या दोघींत तिचं नाव तेच झालं. तू स्की शिकायला गेली होतीस तर तिथल्या माणसाने दोन काठ्या पुढे केल्या. तू एक हात पुढे केलास. तो खजील झाला, आणि तुझी नजर कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका फळीवर गेली, जिला काठ्या लागतच नाहीत. दोन्ही पाय तिच्यावर आडवे बांधायचे, कुशीवर वळल्यासारखं खाली बघायचं आणि निघायचं. पंजाची कड, टाचेची कड, एवढ्यावर सगळा खेळ. तू त्यात स्पर्धेपर्यंत गेलीस, आणि वय वाढलं तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं मनात धरून बसलीस. नागपुरात बसून. जिथे मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं.

आई म्हणाली, "काहून वं, पाय गेला तो कमी झाला काय? आता बर्फात मान मोडाले जाऊन राहिली?" तू तिला पटवायचा प्रयत्न केला नाहीस. तू फक्त विचारलंस की पातोडी कशी करता, आमच्याकडे अशी होत नाही. तासाभराने आई तुला रस्सा वाढत होती. बाबा वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात कामाला, ते म्हणाले, "जाऊ दे ना तिले. घरी बसून कोणतं भलं होऊन राहिलं." बाबांच्या घरी आधी हातमाग होता, उमरेडला. ते म्हणायचे, आपल्याकडे बसलेला माणूसही पाय चालवत राहायचा, मागाच्या पावड्यांवर, आणि पोरगी नुसती बसून आहे ते बघवत नाही.

गोदामाच्या मागे मातीचा उतार आहे. बाबांनी ट्रकवरची जुनी ताडपत्री आणली, तू कपड्याच्या साबणाचं पाणी केलंस आणि आपला बर्फ तयार झाला. दुपारच्या सुट्टीत हमाल बांधावर बसून बघायचे. एकाने अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, ताडपत्री धुवून राहिले काय तुम्ही?" तू म्हणालीस, हो, पोरीने धुतोय. ते सगळे हसले आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या बादल्या तेच आणून द्यायला लागले.

पहिले कितीतरी आठवडे मी फक्त पडले. कृत्रिम पायाचा घोटा वाकत नाही, त्यामुळे गुडघा पुढे जातच नव्हता. मग तू पायाच्या टाचेखाली पाचर घालून घेतलीस आणि गुडघा आपोआप पुढे आला. उन्हाळ्यात सॉकेटमध्ये, म्हणजे पाय बसतो त्या कवचात, घाम साचायचा आणि पाय आत फिरायचा, तर तू मला बसवायचीस, तो काढायचीस, पुसायचीस, पुन्हा घालायचीस, जसं कुणी चष्मा पुसतं. मला त्या पायाकडे बघवत नव्हतं. मी माझ्या खऱ्या पायाला 'माझावाला' म्हणायचे आणि त्याला 'दुसरावाला'. फळीवरचा डाव्या पायाचा पट्टा मी बांधायचेच नाही, तोंड फिरवून बसायचे. तू वाकायचीस, एका हाताने बकल धरायचीस आणि पट्ट्याचं टोक दातांत पकडून ओढायचीस. तुझे केस माझ्या गुडघ्यावर यायचे. नंतर मी ते स्वतः करायला लागले, पण त्या पट्ट्यावर तुझ्या दातांच्या खुणा आहेत. माझ्या डाव्या पट्ट्यावर, टोकापासून थोड्या आत.

आणि मी तुझ्या बुटांच्या नाड्या बांधायचे. कुणी बघत असेल तर तू म्हणायचीस, आमच्यात मिळून एक माणूस पूर्ण होतो आणि वर बरंच उरतं.

गुलमर्ग तुला आठवतं का, असं विचारणं खुळेपणाचं आहे. तरी मला सांगू दे, कारण परवा तेरवीला हे कुणीच सांगितलं नाही आणि माझ्या मते तुझ्याविषयी सांगण्यासारखी तीच एक गोष्ट आहे.

माझा पहिलाच बर्फ होता. थंडीत उरलेला पाय आक्रसतो आणि कृत्रिम पाय सैल होतो हे तू सांगितलं होतंस, मी मोज्यांवर मोजे चढवले होते. तू खाली, मी वर, मध्ये धुकं. दोघींकडे वॉकीटॉकी. मी निघाले, चार वळणं बरी गेली, आणि मग फळीची कड सुटली. सावकाश सुटली. अगदी नीट कळत होतं की आता आपण जाणार. मी बटण दाबलं आणि ओरडले, "ताई, मी पडून राहिली! पडून राहिली!" मग पडले, वॉकीटॉकीवरच, आणि तो बंद झाला.

तुला ऐकू आलं ते असं, की शीतल पडली आहे आणि पडूनच आहे. उठत नाहीये. आणि मग आवाज बंद.

मी उठले, बर्फ झटकला, आणि धुक्यात वाट चुकून दुसऱ्याच बाजूने खाली आले. तिथे टपरी होती. मी चहा घेतला. तू मात्र बचावाची माणसं आणि स्ट्रेचर घेऊन पायी वर निघाली होतीस, मांडीपर्यंतच्या बर्फातून, एका हाताने दोर धरून. बऱ्याच वेळाने तुम्ही सगळे वरून खाली आलात, आणि मी टपरीच्या बाकावर बसलेली दिसले. तुझा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता.

"पडून राहिली म्हणजे काय?" तू विचारलंस.

"पडून राहिली म्हणजे पडून राहिली."

"पडून राहिलीस तर इथे चहा कशी पितेस?"

"अवं ताई, तेव्हा पडून राहिली होती ना. मग पडली. मग उठली."

"अगं मग पडतेय म्हण. पडत होते म्हण."

"तेवढं म्हणेपर्यंत पडून जाते ना माणूस."

स्ट्रेचरवाल्याने हिंदीत विचारलं, मॅडम, झालं काय. तू म्हणालीस, "कुछ नहीं, ग्रामर का प्रॉब्लेम है." मग तू टपरीच्या मागे गेलीस आणि बराच वेळ आली नाहीस. आलीस तेव्हा नाक लाल होतं. मी थंडीमुळे म्हणून सोडून दिलं. तोवर मी तुला 'तुम्ही' म्हणत होते. त्या दिवसापासून 'तू' म्हणायला लागले, तूही काही बोलली नाहीस.

परतीच्या प्रवासात तू मला तुझं व्याकरण समजावलंस. पडत राहणं वेगळं, पडून राहणं वेगळं. पडत राहायचं, पडून राहायचं नाही. तुझ्यासाठी ते शिकवणीचं वाक्य झालं, तू ते नंतरच्या सगळ्या पोरांना सांगितलंस. मी म्हटलं, आमच्याकडे पडून राहणं म्हणजेच पडत राहणं, आम्हाला वेगळे शब्द लागत नाहीत. तू म्हणालीस, म्हणूनच तुमचं असं होतं. यावर आपण इटारसीपर्यंत भांडलो. समोरच्या बर्थवरचे काका शेवटी वरच्या बर्थवर जाऊन झोपले.

त्यानंतर मी तुझ्या मागे हिवाळेच्या हिवाळे वर जात राहिले. शर्यतीत एकेकटं सोडतात, झेंड्यांच्या वळणांतून घड्याळाविरुद्ध उतरायचं. पहिल्या शर्यतीत मी शेवटची आले, आणि खाली पोचल्यावर इतक्या जोरात हसले की तिथल्या माणसाला वाटलं मी जिंकले. पुढच्या वर्षी शेवटची नव्हते. पाय गमावलेल्यांच्या गटात मुली बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे एकमेकींच्या चुका आम्हाला पाठ. माझी चूक सगळ्यांना पाठ होती. टाचेच्या कडेवरच्या वळणात माझी फळी मागून सुटते. शेपूट निसटतं आणि मी बसते.

मागच्या हिवाळ्यात तेच झालं. वरच्या अर्ध्यात मी पुढे होते, हे तू घड्याळ बघून सांगितलंस, आणि खालच्या उजव्या वळणात शेपूट सुटलं. आणि तिथेच, मी बर्फात बसलेली असताना, तू ते वाक्य बोललीस. "पाय बदल, शीतल."

वाचणाऱ्या कुणाला कळावं म्हणून सांगते. फळीवर एक पाय पुढे असतो, एक मागे. मी पहिल्या दिवसापासून उजवा, माझावाला, पुढे ठेवला. डावा मागे. जे समोर येतंय त्याला आधी जिवंत पायाने भेटावं, एवढं साधं माझं म्हणणं. तुझं म्हणणं उलट. शेपूट सांभाळायला मागे घोटा लागतो, आणि घोटा माझ्याकडे एकच आहे, तो मी पुढे नेऊन ठेवला. "पुढच्या पायाला भरवसा लागतो, मागच्याला अक्कल. तुझी अक्कल उजव्या घोट्यात आहे. ती मागे ठेव."

"आणि भरवसा? तो डाव्यात कुठून आणू?" मी म्हटलं.

"तो आणायचाच आहे ना कधीतरी."

पाय बदलायचा म्हणजे डावीकडचं उजवीकडून करायचं. सगळं अंग आरशात गेल्यासारखं. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा ताडपत्री, पुन्हा बसणं. आणि येत्या हिवाळ्यात निवड आहे. त्यात जी निवडली जाईल ती पहिल्यांदा देशाबाहेर जाईल. मी म्हटलं, ताई, आत्ता बदललं तर ही निवड गेली. तू म्हणालीस, "गेली. या वर्षी हरशील. पुढच्या वर्षी नाही हरणार." मी म्हटलं, तुले काय जाते बोलाले. पूर्ण उन्हाळा आपण हे भांडण चालवलं. फोनवर, सेंटरमध्ये, भाऊजींसमोर, एकदा तर बेसाला तुझ्या एका पेशंटच्या वास्तुशांतीत, जेवणाच्या रांगेत ताटं हातात घेऊन. यजमान म्हणाले, बाई, आधी जेवून घ्या.

शेवटचं भेटलो तेव्हा तू तर्री-पोहे करत होतीस. कांद्याला आखूड हाताने दाबून धरायचं आणि डाव्याने कापायचं, ते मी इतक्यांदा पाहिलंय, तरी बघत बसायचे. तर्री तू शेवटपर्यंत पुण्याचीच केलीस, गोडुस. मी तसं सांगितलं. तू म्हणालीस, तोंड पोह्यांसाठी वापर. मग म्हणालीस, "रविवारी वाडीला येते. बाबांना ताडपत्री काढून ठेवायला सांग. एकदा, फक्त एकदा डावा पुढे घेऊन बघ."

मी म्हटलं, "बघू."

नागपूरच्या 'बघू'त हो असतं, नाही असतं आणि आत्ता विषय नको असंही असतं. तुला ते माहीत होतं. तू हसलीस आणि माझ्या ताटलीत अजून थोडे पोहे टाकलेस. रविवार यायच्या आधी तू गेलीस.

मला तुझा राग आलाय, ताई. हे तेरवीला बोलता येत नाही म्हणून इथे सांगते. या वर्षी हर, पुढच्या वर्षी बघ, असं तू म्हणालीस आणि ते पुढचं वर्ष सोबत घेऊन गेलीस. मी कुणाच्या भरवशावर हरायचं? खाली उभं राहून घड्याळ कोण बघणार, शेपूट सुटलं की मला आधी कोण सांगणार? वर्ष वाया घालवायचं तर ज्याच्यासाठी घालवायचं तो माणूस तरी हवा ना. मी रात्रंदिवस हाच हिशेब करून बघते आणि तो लागत नाही. मला तुझी इतकी आठवण येते की मी सेंटरच्या रस्त्यानेही जात नाही.

तुला मी कधी काही म्हटलं नाही. आभार वगैरे. आपल्याकडे थँक्यू म्हटलं की समोरचा विचारतो, काय झालं वं. पण एकदा म्हणायला हवं होतं की त्या ओल्या फरशीवर तू धावत आली असतीस, मला उचललं असतंस, बिचारी म्हणाली असतीस, तर मी आज कुठेतरी खुर्चीवर बसलेली असते. तू जागची हलली नाहीस. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी केलेली ती सर्वांत मोठी गोष्ट आहे. हे राहून गेलं. बघ, इथेही तेच क्रियापद. तुझ्यात आणि माझ्यात जे काही झालं ते सगळं या राहण्यावरच झालं.

तर आता कालचं सांगते. काल रविवार होता.

मी बाबांना काही सांगितलं नव्हतं. मी उठले तेव्हा ते घरात नव्हते. गोदामामागे गेले तर ताडपत्री अंथरलेली होती, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेले होते, आणि बाबा बादलीत साबण कालवत होते. म्हणाले, "ताईनं फोन करून सांगितलं होतं मले. रविवारी काढून ठेवजा म्हणे. कोणत्या रविवारी ते काही बोलली नव्हती."

बाबांना सांग, असं तू मला म्हणालीस आणि स्वतःच फोनही केलास. माझ्या 'बघू'वर तुझा एवढाच विश्वास.

मी खाली बसले आणि फळी मांडीवर घेतली. स्क्रू काढले. पाय बांधायचे दोन्ही साचे सोडवले, उजवा मागे नेला, डावा पुढे आणला, कोन फिरवले आणि पुन्हा कसले. त्यामुळे तुझ्या दातांचा पट्टा आता पुढे आला आहे. मग मी डावा पाय, दुसरावाला, त्यात घातला. तोंड फिरवलं नाही. पट्टा ओढायला माझे दोन हात रिकामे होते, तरी मी वाकले आणि तो दातांनी ओढून बघितला. प्लास्टिकची आणि साबणाची चव येते, आणि मान दुखते. तू कधी बोलली नाहीस, मान दुखते म्हणून.

मी उतारावर उभी राहिले. डावा पुढे. खाली कुणी नाही. तुला खोटं का सांगू, मी तिथे खूप वेळ नुसती उभी होते. पुढच्या पायातून काहीच कळत नव्हतं, ताडपत्री आहे की हवा. गुडघा तेवढा सांगत होता की खाली काहीतरी आहे. एवढ्यावर जायचं होतं. मग मी गुडघा सैल सोडला आणि गेले.

पडले. पुन्हा चढले, पुन्हा पडले. बाबा पाणी टाकत होते. रविवार असल्यामुळे हमाल कमी होते, जे होते ते बांधावर येऊन बसले, आणि या वेळी कुणी काही विचारलं नाही. एकदा, उन्हं उतरताना, टाचेच्या कडेवर वळण घेतलं आणि शेपूट मागे राहिलं. निसटलं नाही. माझ्या मागच्या घोट्याने ते धरलं, स्वतःहून, मी न सांगता. मग त्याच आनंदात मी पुढच्या क्षणी आपटले. निवडीला मी हरणार आहे, ताई. हे मला तिथे आडवी पडल्या पडल्या अगदी स्वच्छ दिसलं. इतक्या थोड्या महिन्यांत हे होणार नाही. मी या वर्षी हरणार आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा वर जाणार, खाली तू नसलीस तरी. आपलं भांडण मिटलं.

तेवढ्यात आईचा फोन आला. जेवण तयार होऊन कधीचं थंड झालं होतं.

"काय करून राहिली वं इतका वेळ?"

"पडून राहिली," मी म्हटलं.

आईने अर्थ विचारला नाही. म्हणाली, "बरं. पडून झालं की जेवाले ये." आणि फोन ठेवला.

तू असतीस तर बांधावरून ओरडली असतीस, पडून राहिली म्हणजे काय. म्हणून तुझ्यासाठी एकदाच, तुझ्या भाषेत सांगते. काल अंधार पडेपर्यंत मी पडत राहिले, ताई.